नागोजी लाइनमन आणि नऊशेचं कार्ड

सांबऱ्याच्या बसस्टॉपसमोरच्या हॉटेलात एक गोष्ट बरेच दिवस चघळली जात होती. मोठ्यानं कुणी बोलायचं नाही. नागोजी दारात दिसला की कपबश्यांचा आवाज वाढायचा आणि माणसं एकदम आभाळात विमान शोधायला लागायची. गोष्ट अशी, की नागोजी लाइनमननं जिवाभावाच्या दोस्ताच्या पोरीच्या लग्नाला जावं लागू नये म्हणून चार दिवस टेलिफोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला. कशासाठी? तर मामाचा आहेर चुकवायला. कुणी म्हणे साडी वाचवली, कुणी म्हणे साडीबरोबर नवरदेवाची अंगठीही वाचवली. एका बाईनं तर नागोजीच्या बायकोला पाणवठ्यावर गाठून विचारलं, "व्हय गं, वाचलेल्या पैशाचं काय केलासा?" नागुबाईला ऐकू कमी येतं. तिनं हसून "बरं हाय की" म्हटलं, आणि ते उत्तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

लोकांच्या तोंडाला झाकण कोण घालणार? पण नागोजीचं सांगायचं तर खांबावरून सुरुवात करायला हवी, कारण गड्याचं निम्मं आयुष्य तिथंच गेलं.

जन्म गुंजीचा. लहानपणी रेल्वेच्या कडेनं जाणाऱ्या तारांना कान लावून बसायचा. आई म्हणायची, हे पोर एक तर गवई होणार नाहीतर वेडं होणार. दोन्ही झालं नाही. टेलिफोन खात्यात रोजंदारीवर चर खणायला लागला, मग खांबावर चढायला लागला, मग कायम झाला. खिशात पक्कड आणि जिभेवर टोमणा, दोन्ही कायम हाताशी. खानापूरपासून कणकुंबीच्या जंगलापर्यंत पावसात कुठली तार कुठं तुटणार हे त्याला हवामानवाल्यांच्या आधी कळायचं.

खांबावर नागोजी असला की तारेच्या दुसऱ्या टोकाला परशराम असायचा. परशराम कणकुंबीचा. खानापूरच्या एक्स्चेंजमध्ये टेस्ट डेस्कवर बसायचा, म्हणजे एका जागी बसून गावोगावच्या लाइनी तपासायच्या: कुठली तुटली, कुठली ओली झाली, कुणाचा रिसीव्हर नीट ठेवलेला नाही. नागोजी एकदम तिखट, परशराम एकदम सौम्य. रोज सकाळी पहिल्या खांबावरून नागोजी आपला हातातला फोन तारेला लावायचा आणि विचारायचा,

"परश्या, ऐकू येतंय काय?"

"येतंय रं. मेला न्हाईस अजून?"

"तुझ्या आधी न्हाय मरत. टोन दे."

एकतीस वर्षं रोज एवढंच. खात्याच्या दृष्टीनं ती लाइनची तपासणी होती.

परशरामची बायको यशोदाबाई हिला सख्खा भाऊ नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला तिनं भाऊबीजेला नागोजीला ओवाळलं आणि तो तिचा भाऊ झाला. तिला माधवी झाली तेव्हा बारशाला हा खांबावरून उतरून तसाच, चिखलाच्या बुटांनी आला. पोर हातात घेऊन म्हणाला, "हिच्या लग्नात मागं मामा म्हणून मी उभा ऱ्हाणार. बूट धुऊन येतो तोवर." सगळे हसले. यशोदाबाई मात्र हसली नाही. तिनं ते मनात लिहून ठेवलं.

मग नागोजीचा निरोप समारंभ झाला. हार, नारळ, भाषणं. नागोजीच्या हातात माइक आला, समोर साहेब, सगळा स्टाफ, आणि गड्याला सुरसुरी आली. त्यानं खानापूरच्या एका डॉक्टरच्या फोनची गोष्ट सांगितली. तक्रार आलेली, परशरामनं डेस्कवर बसून वहीत लिहिलं, 'लाइन ओके'. "आणि दोन दिवसांनी मी जाऊन बघतोय तर काय," नागोजी म्हणाला, "तार म्हशीच्या शिंगात! म्हस गावभर फिराली तार घेऊन, आणि आमच्या परशरामाची लाइन ओके!" साहेब पोट धरून हसले. कुणीतरी ओरडलं, "म्हशीची सही घ्या की!" परशरामच्या नोकरीचे अजून आठ महिने राहिलेले. त्याच्या वहीत तेवढी एकच खोटी नोंद होती, आणि ती त्यानं कुणासाठी केली होती? त्या दिवशी नागोजी तापानं घरी पडलेला; तो कामावर आलाय आणि दुरुस्ती करून गेलाय असं दिसावं म्हणून.

परशरामनं जिलेबीची प्लेट खाली ठेवली आणि कणकुंबीची बस धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही.

"थट्टा कळत न्हाय त्याला," नागोजी घरी म्हणाला.

"तुला तरी कळतीया काय?" नागुबाई म्हणाली. ऐकू कमी येतं, पण बाईचं बोलणं नेमकं जागेवर बसतं.

पहिल्या वर्षी भाऊबीजेला तो गेला नाही ते ताठ्यानं. दुसऱ्या वर्षी लाजेनं. नंतर सवयीनं. चूक आपली, हे त्याला पहिल्या आठवड्यातच उमगलं होतं. पण फोन त्यानं करावा, असं हा मनात धरून बसला. तोही तिकडे तेच धरून बसला असणार. सात वर्षं.

बेंगळूरला नोकरीला असलेला पोरगा, विक्रम, दर सुट्टीत म्हणायचा, "आप्पा, तो जुना फोन काढून टाका. मोबाइल हाय की. कुणाचा येतोय त्यावर?"

"येतील कुणाचे तरी."

मोबाइलचा नंबर नागोजीनं दोनदा बदलला होता. परशरामला पाठ होता तो एकच नंबर, घरचा, जुना. म्हणून नागोजी त्या तांब्याच्या तारेला जपत बसला होता. अडचण एवढीच, की सकाळी हा शेतात असायचा आणि घरी नागुबाई. घंटी वाजून वाजून थांबली तरी बाई निवांत तांदूळ निवडत बसायची. म्हणजे फोन येऊन गेला तरी कळायचं नाही, ही नागोजीची खरी धास्ती. कधी कधी शेतातून येऊन तो फोनकडे असा बघायचा की जणू तो काहीतरी लपवतोय.

याच्यावर तोड सापडली व्हिडिओ बघून. केबलवाल्यानं घरात इंटरनेट आणलेलंच होतं. जुन्या कॉम्प्युटरवर फुकटातला एक प्रोग्रॅम घालायचा, की घरातच छोटं एक्स्चेंज तयार. बाहेरून आलेली लाइन त्यात सोडायची. मग त्या लाइनवर आलेला फोन घरात वाजेल आणि शेतात नागोजीच्या मोबाइलवरही वाजेल. निवृत्त लाइनमनला स्वतःचं एक्स्चेंज! गडी महिनाभर हवेत होता. नागुबाई शेजारणीला सांगायची, "म्हातारं शाळेत जालंय."

प्रोग्रॅम फुकट, पण तार कॉम्प्युटरात घुसवायला काहीतरी यंत्र लागतं. त्यासाठी तो बेळगावात नागेंद्रच्या दुकानी गेला. नागेंद्र जुने कॉम्प्युटर विकतो. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि किमतीची घासाघीस चालली की हिंदी. त्यानं काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या.

"अण्णा, हा डबा बघा. ह्याला दोन तोंडं. एका तोंडात एक्स्चेंजची लाइन, दुसऱ्यात घरातला फोन. उलटं लावू नका, घंटीचा करंट आला की जळतंय."

"मला शिकवालास? त्या करंटचे झटके मी खांबावर जेवणासारखे खाल्लेत. कितीला?"

"साडेसहा हजार. आणि हे कार्ड. जुन्या मोडेमचं हाय, कॉम्प्युटरच्या पोटात बसतंय. नऊशे."

"लाइन घेतंय?"

"घेतंय."

"आवाज?"

"जरा घुमतंय. चालतंय. पण अण्णा, खरं सांगतो, ह्याला एक खोड हाय. समोरच्यानं फोन ठिवला की ह्याला कळत न्हाय. आपल्या एक्स्चेंजचा टोन ओळखत न्हाय हे. कधी कधी लाइन धरूनच बसतंय. डब्याला कळतंय, त्यात आपल्या देशाचे टोन भरायची सोय हाय."

"धरून बसलं तर?"

"मशीन बंद करून चालू करायचं. सुटतंय."

नागोजी हसला. "म्हणजे माझ्या बायकोसारखं हाय. विषय संपला तरी सोडत न्हाय." त्यानं कार्ड उचललं. घरातल्या फोनसाठी एक लहान स्वस्तातलं ॲडॅप्टर घेतलं. साडेसहा हजार देता आले नसते असं नाही. पेन्शन होती, पोरगा पाठवत होता. पण ज्यानं आयुष्यभर खात्याची तार तुटली तर तुकडे जोडून काम भागवलं, त्याला अख्खा डबा विकत घेणं म्हणजे हार वाटली. "पावसाळा संपला की डबा घेतो," तो नागेंद्रला म्हणाला, "तवर हे चालंल."

चाललं. कार्ड बसलं, प्रोग्रॅम सुरू झाला. बाहेरून फोन आला की घरात वाजायचा, मोबाइलवर वाजायचा, आणि कुणी उचललाच नाही तर नागोजीच्याच आवाजात "जरा थांबा, आलो" असं ऐकू येऊन एक भजन सुरू व्हायचं. पहिल्याच आठवड्यात कार्डानं दोनदा लाइन धरून ठेवली. दोन्ही वेळा नागोजीच्या लक्षात आलं, त्यानं मशीन बंद करून चालू केलं. पावसाळा संपला. डबा राहिला. दिवाळी गेली, डबा राहिला.

आणि इथं खरी गंमत झाली. गंमत म्हणायची आपली एक पद्धत. आयुष्यभर लाइनमनला एकच खूण शिकवलेली असते: रिसीव्हर उचल, टोन ऐकू आला की लाइन जिवंत. नागोजी रोज सकाळी रिसीव्हर उचलायचा, टोन ऐकायचा आणि समाधानानं शेतात जायचा. पण आता तो रिसीव्हर बाहेरच्या तारेला लावलेला नव्हताच. तो ॲडॅप्टरला लावलेला होता, ॲडॅप्टर कॉम्प्युटरला. कानात गुणगुणायचा तो टोन त्याच्याच घरातल्या मशीनचा. बाहेरची तार मेली असती तरी तो टोन तसाच आला असता. स्वतःच्या हातानं सगळी जोडणी केलेल्या माणसाच्या हे डोक्यात आलं नाही. कान तीस वर्षांचा, डोकं महिन्याभराचं.

फाल्गुनात एका सोमवारी सकाळी कुठल्या तरी कर्जवाल्या कंपनीचा फोन आला. नागोजी शेताच्या टोकाला, मोबाइलला रेंज नाही. नागुबाईला घंटी ऐकू आली नाही. मशीननं भजन सुरू केलं. कर्जवाल्यानं एक कडवं ऐकून फोन ठेवला. कार्डाला ते कळलं नाही. ते लाइन धरून बसलं आणि रिकाम्या तारेला भजन ऐकवत राहिलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवारी दुपारी वळवाचा वारा सुटला, वीज गेली, मशीन आपसूक बंद झालं, परत सुरू झालं. लाइन सुटली. घरात कुणालाच काही कळलं नाही.

पुढच्या बुधवारी खानापूरहून शामू आला. शामू पूर्वी केबल जोडायच्या कामाला होता, दोघांचाही जुना सोबती. हॉटेलात बसला आणि नागोजीकडे न बघता बशीत चहा ओतत म्हणाला,

"आला न्हाईस ते न्हाईस. पण निदान रिसीव्हर तरी खाली ठेवायचा होतास, मर्दा."

"कुठला रिसीव्हर? कुठं आलो न्हाय?"

"सोंग करू नगस. माधवीचं लगीन झालं की रविवारी. परश्यानं चार दिवस फोन लावलाय तुला."

नागोजीच्या हातातला कप तिथंच थांबला. हॉटेल एकदम गप्प झालं. तेवढी गप्प जागा मिळाली की अफवेला मूळ धरायला वेळ लागत नाही.

घरी येऊन त्यानं मशीनची नोंद काढली. एकच कॉल, सोमवारी सकाळी आत आलेला, शुक्रवारी दुपारी संपलेला. नागुबाई जवळ येऊन उभी राहिली. "काय झालं?" तिनं विचारलं. त्यानं मोठ्यानं सांगितलं, दोनदा सांगितलं. तिनं जाऊन त्याचा धुतलेला सदरा काढून पलंगावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कार्ड मशीनमधून काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि जांबोटीवरून कणकुंबीची बस धरली. परशरामच्या दारातला मांडव अजून उतरवलेला नव्हता. आंब्याची पानं वाळून कुरकुरीत झालेली. यशोदाबाईनं पाणी दिलं. "आलास व्हय," एवढंच म्हणाली. परशराम खुर्चीत होता, केस पार पांढरे.

"नाग्या, मी टेस्ट डेस्कवरचा माणूस हाय," तो शांतपणे म्हणाला. "पहिल्या दिवशी एंगेज लागलं, म्हटलं कुणाशी बोलत असंल. दुसऱ्या दिवशी एंगेज. तिसऱ्या दिवशी एक्स्चेंजमधल्या ओळखीच्याला तपासायला सांगितलं. तो म्हणाला, परशराम, तार चांगली हाय, रिसीव्हर उचलून ठिवलेला हाय. मग मी काय समजायचं?"

"रिसीव्हर जाग्यावर होता रं. हे बग." नागोजीनं वर्तमानपत्र सोडलं, कार्ड त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं: लाइन, मशीन, भजन. "हे लाइन धरून बसलं की तिकडनं रिसीव्हर उचलल्यासारखंच दिसतंय."

परशरामनं कार्ड उलटंसुलटं केलं. तपासणाऱ्याचे हात, सवय जात नाही. डोळे बारीक करून त्यानं प्रत्येक जोड बघितला.

"हां. तसंच दिसणार," तो म्हणाला. "बरोबर हाय तुझं."

यशोदाबाईनं श्वास सोडला. नागोजीच्या जिवातही जीव आला. तेवढ्यात परशरामनं विचारलं,

"हे लाइन सोडत न्हाय, हे तुला कधी कळलं? आत्ता?"

खोटं बोलायला तो क्षण पुरेसा होता. दुसरं कुणी असतं तर नागोजी एक टोमणा मारून निसटला असता. पण समोर टेस्ट डेस्क होतं.

"घेतानाच कळलं होतं," तो म्हणाला. "दुकानदारानं सांगितलं. पहिल्या आठवड्यात दोनदा झालं पण. चांगलं यंत्र महाग पडत होतं. म्हटलं, घेऊ पुढं."

परशरामनं मग कार्ड परत वर्तमानपत्रात नीट गुंडाळलं, जसं आणलं होतं तसंच.

"रागानं रिसीव्हर काढून ठिवला असतास तर बरं झालं असतं बग," तो म्हणाला. "राग समजतो मला. सात वर्षं तेच करालोय. पण तू माझ्याच फोनची वाट बघालतास, आणि त्याला नऊशेचं कार्ड लावलास."

"परश्या..."

"माधवीच्या मागं वरच्या वाडीतला एक पोरगा उभा केला मामा म्हणून. अक्षता पडायच्या आधी ती वळून वळून दाराकडे बघत होती. ही म्हणाली तिला, पुढं बघ गं."

यशोदाबाई आत गेली. नागोजीनं बरोबर आणलेली साडी पिशवीतून काढली आणि खुर्चीवर ठेवली. परशराम म्हणाला, "पोरीला देतो. घेती का न्हाय ते तिचं ती बघंल." भांडण झालं नाही. दोघं वाटेपर्यंत चालत आले. बस आली तेव्हा परशरामनं त्याला हात धरून चढवलं, कारण पायरी उंच होती आणि गुडघे दोघांचेही गेलेले. पण "फोन करतो" असं दोघांतलं कुणीच म्हणालं नाही.

त्याच आठवड्यात नागोजीनं साडेसहा हजारांचा डबा आणला. फार चांगला डबा आहे. समोरच्यानं फोन ठेवला की तत्क्षणी लाइन सोडतो, आवाज स्वच्छ, एक दिवस चुकलेला नाही. त्या लाइनवर आता कर्जवाले येतात, विमा विकणारे येतात, आणि दोघेही वेळेवर जातात. नागेंद्र भेटला की विचारतो, "डबा कसा हाय, अण्णा?" नागोजी म्हणतो, "तुझं बरोबर होतं." पुढं टोमणा येत नाही, म्हणून नागेंद्रलाच ओशाळल्यासारखं होतं.

हॉटेलातली गोष्ट त्यानं कधी खोडून काढली नाही. विक्रम एकदा चिडून म्हणाला, "आप्पा, लोक काय काय बोलालेत, सांगा की त्यांना खरं काय ते." नागोजी म्हणाला, "बोलू दे. त्यांच्या गोष्टीतल्या नागोजीनं निदान रिसीव्हर ठरवून काढून ठिवलाय." आणि गोठ्याकडे निघून गेला.

खरं एवढंच आहे: रिसीव्हर चारही दिवस जागेवर होता. कार्ड लाइन धरून बसतं हे नागोजीला आठ महिने माहीत होतं, आणि त्यानं ते बदललं नाही.